शस्त्राची निवड आणि पराभवाचे स्वामित्व

नीतिमीमांसेत निवडीच्या प्रश्नाची चर्चा बहुधा अशा प्रसंगांच्या आधारे होते, की ज्यांत कोणाचे तरी जीवित पणाला लागलेले असते. बुडत्या होडीतील शेवटची जागा, रणांगणावरील आज्ञापालन, एकाकी मातेची सोबत की देशासाठी लढा हा सार्त्रने 1945 च्या व्याख्यानात मांडलेला एका विद्यार्थ्याचा पेच, ही त्याची परिचित उदाहरणे होत. या उदाहरणांचे सामर्थ्य उघड आहे. त्यांची मर्यादा मात्र सहसा लक्षात घेतली जात नाही. परिणामांचे ओझे इतके मोठे असते, की निवड या कृतीचे स्वतःचे स्वरूप त्याखाली झाकले जाते. परिणाम जवळजवळ शून्यावर आणले आणि तरीही निवडीत काही नैतिक उरले, तर जे उरेल ते निवडीचेच असेल. असा प्रसंग शोधायचा तर तो खेळातच सापडण्याचा संभव अधिक.

अंतराळयान चालविण्याचे अनुकरण करणाऱ्या संगणकीय खेळांत असा एक प्रसंग नित्य घडतो. दोन खेळाडू परस्परांशी लढण्याचे मान्य करतात. लढत सुरू होण्यापूर्वी प्रत्येकाने आपापले लढाऊ यान निवडायचे असते. याने अनेक आहेत, त्यांचे गुणदोष आकड्यांत नोंदलेले आहेत, आणि कोणते यान या कामी सर्वांत प्रबळ आहे हे उभयतांना ठाऊक आहे. अशा वेळी ते प्रबळ यान निवडणारा खेळाडू काही गैर करतो काय? आणि जाणूनबुजून दुबळे यान निवडणारा काही चांगले करतो काय? प्रश्न पोरकट वाटेल. परंतु ज्याला साधन निवडण्याचे स्वातंत्र्य आहे, त्याच्यावर त्या साधनाने मिळविलेल्या यशापयशाची कोणती जबाबदारी येते, हा त्यातला गाभ्याचा मुद्दा साहित्यव्यवहारालाही परका नाही.

हे स्वातंत्र्य या खेळप्रकाराला आरंभापासून लाभलेले नव्हते. 1962 मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये स्टीव्ह रसेल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पीडीपी-1 या संगणकावर रचलेल्या ‘स्पेसवॉर!’ मध्ये दोनच याने होती. एक सुईसारखे निमुळते, दुसरे पाचरीसारखे रुंद. आकार ओळख पटण्यापुरते वेगळे. इंधन, शस्त्र आणि मध्यावरील ताऱ्याचे गुरुत्वाकर्षण दोघांनाही सारखेच. तेथे यान निवडले जात नसे, वाट्याला येत असे. डेव्हिड ब्रेबन आणि इयन बेल यांच्या 1984 च्या ‘एलीट’ मध्ये विश्व विस्तारले, आठ आकाशगंगा आल्या, व्यापार आला, चाचेगिरी आली. पण खेळाडूच्या हाती ‘कोब्रा मार्क थ्री’ हे एकच यान राहिले. (या खेळाबरोबर रॉबर्ट होल्डस्टॉक या कादंबरीकाराची ‘द डार्क व्हील’ ही छोटी कादंबरी पेटीत घालून दिली जात असे. कथनाचे काम खेळाबाहेर छापील पुस्तकाकडे सोपवून खेळ मोकळा ठेवण्याची ही युक्ती कथनमीमांसकांनी अवश्य पाहावी अशी आहे.) 1990 च्या ‘विंग कमांडर’ मध्ये याने अनेक होती, परंतु कोणत्या कामगिरीवर कोणते यान न्यायचे हे वरिष्ठ ठरवीत. खेळाडू सैनिक होता, आणि सैनिकाला शस्त्र दिले जाते.

1997 च्या ‘एक्स-विंग व्हर्सेस टाय फायटर’ मध्ये समोर यंत्राऐवजी माणूस आला, आणि निवडीला प्रथमच नैतिक धार आली. चित्रपटांच्या कथाविश्वात साम्राज्याची ‘टाय’ याने संरक्षक कवचाविना उडतात. संख्येने मोठ्या सत्तेला एकेका वैमानिकाच्या प्राणांची मातब्बरी नसते, हा त्या रचनेतील अध्याहृत अर्थ. कथेत हा अर्थ शोभतो. दोन माणसांच्या बरोबरीच्या झुंजीत मात्र तोच एकाची उणीव होतो. बंडखोरांचे ‘एक्स-विंग’ कवचावर काही प्रहार झेलू शकते. त्याच्यासमोर कवचहीन यान घेऊन उभे राहणारा खेळाडू शूर आहे, भाबडा आहे की ढोंगी, हा प्रश्न त्या क्षणी निर्माण झाला.

2014 च्या डिसेंबरमध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘एलीट डेंजरस’ मध्ये हा प्रश्न पुरता उमलला. याने अनेक, त्यांची नावे बहुधा सापांची. कोब्रा, पायथन, व्हायपर, अ‍ॅडर, अ‍ॅनाकोंडा, पुढे 2018 मध्ये मांबा आणि क्रेट. ‘क्रेट’ हा इंग्रजी शब्द मुळात आपल्याकडील ‘करैत’, म्हणजे मराठीतील मण्यार. कोकणातून गेलेला विषारी साप परभाषेच्या वाटेने ताऱ्यांत पोचल्यासारखा दिसतो. द्वंद्वाच्या दृष्टीने यांतील तीन-चार यानेच विचारात घेणे पुरे. ‘ईगल’ लहान आणि स्वस्त. त्यावर तीन छोटी शस्त्रे बसतात, पण ते वळते चपळ. ‘व्हल्चर’ वर शस्त्रे दोनच, परंतु मोठ्या आकाराची. अडचण ही, की त्याचे ऊर्जायंत्र त्या शस्त्रांच्या मानाने तोकडे पडते आणि सारी उपकरणे एकाच वेळी चालवू पाहणाऱ्याला कोठेतरी काटकसर करावी लागते. ‘फेर-द-लान्स’ वर मधल्या आकाराची चार आणि सर्वांत मोठ्या आकाराचे एक शस्त्र बसते, शिवाय कवच दणकट आणि वळणही चपळ. ‘मांबा’ त्याच जातीचे, सरळ रेषेत अधिक वेगवान, वळताना मात्र मंद.

लढत चालू असताना वैमानिकाने उपलब्ध ऊर्जा कवच, इंजिन आणि शस्त्रे या तिघांत सतत वाटायची असते. एकूण सहा वाटे. एका ठिकाणी जास्तीत जास्त चार. शस्त्रांना चार दिले, तर पळणे आणि टिकणे या दोहोंसाठी मिळून दोनच उरतात. म्हणजे निवड लढतीपूर्वी संपत नाही. यान निवडताना जे केले, तेच प्रत्येक क्षणी लहान प्रमाणावर पुन्हा करावे लागते. काहीतरी सोडल्याशिवाय काहीही मिळत नाही. या खेळाचे सौंदर्य कोठे असेल तर ते या टंचाईत आहे, त्याच्या चकचकीत दृश्यांत नाही.

परंतु हे सौंदर्य एका गोष्टीने धोक्यात येते. आकडे उघड असले की गणित होते, आणि गणित झाले की पर्यायांची गर्दी ओसरते. खेळाडूंच्या समूहाने अनेक वर्षे हिशेब आणि अनुभव यांची सांगड घालून असा निर्वाळा दिला, की दोघांच्या झुंजीसाठी ‘फेर-द-लान्स’ घ्यावे. आता नवागत खेळाडू ते यान घेतो, तेव्हा त्याने निवड केली असे म्हणता येईल काय? काटेकोर अर्थाने नाही. त्याने निष्कर्ष स्वीकारला. उत्तर गणिताने आलेले असेल, तर व्यक्तीच्या वाट्याला अनुसरण तेवढे उरते. दीर्घिकांएवढे स्वातंत्र्य देऊ केलेल्या खेळाने अखेरीस सर्वांना एकाच यानात आणून बसवावे यात विरोधाभास आहे. पण तो या खेळापुरता नाही. ज्या काळात पुरस्कारांना कोणत्या प्रकारची कादंबरी चालते हे सर्वांना कळते, त्या काळात त्या प्रकारच्या कादंबऱ्या वाढतात. प्रत्येक लेखक आपण स्वतंत्रपणे निवडले असे प्रामाणिकपणे मानतो.

या स्थितीचे समर्थन करणारा एक दृढ पक्ष आहे. डेव्हिड सर्लिन या खेळरचनाकाराने ‘प्लेइंग टू विन’ या पुस्तकात तो निःसंकोचपणे मांडला. नियमांनी जे निषिद्ध केलेले नाही ते सर्व स्पर्धेत ग्राह्य आहे. प्रबळ साधनाचा वापर ‘अप्रतिष्ठित’ मानणारा खेळाडू स्वतःच्या मनातले, प्रतिस्पर्ध्याने कधीही मान्य न केलेले नियम त्याच्यावर लादत असतो, असा त्याचा आशय. हा पक्ष हलका नाही. समोरच्याशी सर्व सामर्थ्यानिशी लढणे हा त्याच्या सन्मानाचाच प्रकार आहे, आणि आपली आवड-निवड नीतीच्या वेषात पुढे करण्याची खोड माणसांत पुष्कळ असते. ‘हे यान वापरणे योग्य नाही’ या उद्गारातील निम्म्याहून अधिक तक्रारी ‘या यानाने आम्ही हरतो’ एवढ्याच असतात, हे मान्य केले पाहिजे.

तरी या पक्षाने एक गृहीतक तपासलेले नाही. तो सारीपाटासारख्या किंवा बुद्धिबळासारख्या पूर्ण आखलेल्या खेळाची कल्पना करतो, जेथे दोघांनाही तीच साधने त्याच क्षणी उपलब्ध असतात. ‘एलीट डेंजरस’ चे विश्व तसे नाही. तेथे प्रत्येकजण फुकट मिळालेल्या ‘सायडविंडर’ पासून आरंभ करतो, आणि प्रबळ यान विकत घ्यावे लागते. त्यासाठी पैसा, पैशासाठी मोहिमा, मोहिमांसाठी तास. 2016 पासून यानाचा एकेक भाग कारागिरांकडून सुधारून घेण्याची सोय झाली. तिच्यासाठी दुर्मीळ द्रव्ये गोळा करत हिंडावे लागते. सुधारलेले आणि न सुधारलेले यान यांतील अंतर इतके, की नाव एक असूनही ती दोन याने मानावीत. म्हणजे लढतीच्या क्षणी जे यानाचे बळ म्हणून दिसते, ते वस्तुतः साठविलेला वेळ आहे. ज्याला रोज चार तास मोकळे आहेत आणि ज्याला आठवड्यातून दोन, त्यांच्यात कौशल्याची तुलना होण्याआधीच फुरसतीची तुलना झालेली असते. 2015 मध्ये याच खेळात यान विकत घ्यावे न लागणारे, ठराविक छोट्या यानांचे एक बंदिस्त रिंगण निर्माण केले गेले, ते बहुधा हा दोष ओळखूनच. नियमांनी निषिद्ध नाही म्हणून सर्व ग्राह्य, हे म्हणणे जेथे नियमांनी समानतेची हमी घेतली आहे तेथेच शोभते.

मग उदारपणे दुबळे यान घ्यावे काय? मोठ्या, सुधारलेल्या यानाचा धनी नवख्याशी लढताना मुद्दाम ‘ईगल’ घेऊन येतो. कृती देखणी आहे. ती तपासू लागताच तिच्यातून दोन अप्रिय गोष्टी बाहेर येतात. पहिली, प्रतिस्पर्ध्याला न सांगता दिलेली सवलत ही त्याच्या कौशल्याविषयी आधीच दिलेला निवाडा असतो. तो जिंकला तर आपण काय जिंकले हे त्याला कळत नाही. दुसरी अधिक खोल आहे. दुबळे साधन घेणाऱ्याने पराभवाचे कारण आगाऊ तयार करून ठेवलेले असते. हरलो तर यान लहान होते. जिंकलो तर यान लहान असूनही जिंकलो. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड जोन्स आणि स्टीव्हन बर्गलास यांनी 1978 मध्ये या प्रवृत्तीचे विश्लेषण केले. आपल्या क्षमतेविषयीचा निर्णय टळावा म्हणून माणूस स्वतःच्या वाटेत अडथळा उभा करतो, असा त्याचा सारांश. योगायोग असा, की त्याच वर्षी तत्त्वज्ञ बर्नार्ड सूट्स यांचे ‘द ग्रासहॉपर’ प्रसिद्ध झाले. अनावश्यक अडथळे स्वेच्छेने पार करण्याचा प्रयत्न म्हणजे खेळ, ही त्यांची व्याख्या त्यात आली. एकाच्या मते स्वेच्छेने उभा केलेला अडथळा हा खेळाचा प्राण, तर दुसऱ्यांच्या मते ती पळवाट. दोन्ही विधाने खरी आहेत. अडथळा पार करण्यासाठी उभा केला आहे की त्याच्या आड बसण्यासाठी, यावर सर्व अवलंबून आहे, आणि बाहेरून पाहणाऱ्याला हा फरक सहसा दिसत नाही.

औदार्याचा आणखी एक धोका महाभारताने दाखविला आहे. द्वैपायन डोहातून बाहेर आलेल्या दुर्योधनाला युधिष्ठिर सांगतो, की त्याने हवे ते शस्त्र घ्यावे, पाचांपैकी कोणाही एकाशी लढावे, आणि त्या एकाला मारले तर राज्य त्याचे. दुर्योधन गदा घेतो. शल्यपर्वातील या प्रसंगी कृष्ण युधिष्ठिरावर रागावतो आणि हे पुन्हा द्यूतच मांडले असे त्याला सुनावतो. दुर्योधनाने नकुलाला किंवा सहदेवाला आव्हान दिले असते तर? युधिष्ठिराचे औदार्य खरे होते, पण पणाला लागलेले प्राण त्याच्या एकट्याचे नव्हते. अखेरीस भीम पुढे होतो, आणि त्या अतिउदार आरंभाचा शेवट मांडीवरील नियमबाह्य प्रहारात होतो. आरंभी दिलेले जादा स्वातंत्र्य शेवटी नियम मोडूनच परत घ्यावे लागले, असाही या कथेचा एक अर्थ लागतो. प्रस्तुत खेळातही चौघांची तुकडी करून लढता येते. तेथे एकाने आपल्या प्रतिष्ठेसाठी दुबळे यान घेतले, तर त्या प्रतिष्ठेची किंमत उरलेले तिघे चुकवितात. एकाकी द्वंद्वात जे निदान निरुपद्रवी ठरेल, ते तुकडीत सरळ अन्याय होते.

दोन्ही पक्षांत एक समान उणीव आहे. दोघेही यानाकडे केवळ बळाचे परिमाण म्हणून पाहतात. एक ते वाढवू इच्छितो, दुसरा घटवू इच्छितो. समान यानांचा आग्रह धरणारा तिसरा पक्षही याच गृहीतकावर उभा आहे. ‘ईव्ह ऑनलाइन’ या 2003 मध्ये सुरू झालेल्या खेळातील संघस्पर्धांत प्रत्येक यानाला गुण ठरवून देऊन संघाच्या एकूण गुणांवर मर्यादा घालतात. बळाला किंमत लावून ते वाटण्याचा हा मार्ग व्यवहारात उपयोगी आहे, आणि सार्वजनिक स्पर्धेला त्यावाचून गत्यंतर नाही. पण दोघांना तंतोतंत एकच यान दिले तरी समानता येते काय? एकाचा हात जवळून घिरट्या घालण्यात तयार झालेला, दुसऱ्याचा दुरून नेम धरण्यात. उड्डाणातील स्वयंचलित साहाय्य बंद करून यान सरकत्या अवस्थेत फिरविणे ज्याला साधले आहे, त्याच्या हाती तेच यान निराळे होते. ‘तू तुझे यान मला देऊन माझे घेशील काय?’ हा प्रश्न न्यायाची कसोटी म्हणून सुचतो. परंतु खेळात यानांची देवघेव करता येत नाही हे बाजूला ठेवले, तरी ज्याला ‘व्हल्चर’ च्या काटकसरीची सवय जडली आहे त्याला अधिक प्रबळ यान देऊनही तो अधिक प्रबळ होईलच असे नाही.

या ठिकाणी क्षेमेंद्राची औचित्याची संकल्पना साहाय्यास येते. अकराव्या शतकातील या काश्मिरी आचार्याने औचित्य हा काव्यातील स्वतंत्र अलंकार मानला नाही. गुण आणि अलंकार यांना गुणत्व नि अलंकारत्व ज्यामुळे येते, असा तो संबंध आहे. गळ्यात घातलेला कमरपट्टा सोन्याचा असला तरी हास्यास्पद होतो, तो सोन्यात खोट असल्यामुळे नव्हे. यानासही हे लागू पडते. ‘फेर-द-लान्स’ चांगले आहे या वाक्याला, ते कोणाच्या हाती, कोणासमोर आणि कोणत्या कराराने, हे सांगितल्याशिवाय नैतिक अर्थ येत नाही. चांगली निवड म्हणजे जिच्यात वैमानिकाचा स्वभाव, यानाची घडण आणि समोरच्याला दिलेला शब्द यांचा मेळ बसतो ती.

या मेळाची परीक्षा विजयात होत नाही. विजयी माणसाला कोणतेही यान शोभते. परीक्षा होते ती हरल्यावर, आणि ती दुहेरी असते. या यानाने मी हरलो, तर तो पराभव मी माझा म्हणून स्वीकारू शकेन काय? आणि तो हरला, तर त्याला तो त्याचा म्हणून स्वीकारता येईल काय? प्रबळ, साठविलेल्या वेळाने फुगविलेले यान घेऊन नवख्यावर तुटून पडणारा दुसऱ्या प्रश्नात नापास होतो. त्याने पाडलेल्या माणसाला आपल्या पराभवातून आपल्याविषयी काहीही कळत नाही. मुद्दाम ‘ईगल’ घेणारा पहिल्या प्रश्नात नापास होतो. गणिताने ठरविलेले यान निमूट घेणारा कोठे बसतो हे सांगणे अवघड आहे. बरोबरीच्या प्रतिस्पर्ध्यासमोर तो दोन्ही प्रश्नांतून निसटून जातो, आणि तरी त्याच्या लढतीत काही उणे वाटत राहते. हे उणे नैतिक आहे की केवळ सौंदर्यविषयक, याचा निर्णय येथे करता येत नाही. कदाचित या टोकावर दोहोंची सीमा पुसली जात असेल.

एक निरीक्षण मात्र नोंदविण्याजोगे आहे. अशा खेळांचे रचनाकार वेळोवेळी आकडे बदलतात. एखादे यान किंवा शस्त्र फार प्रबळ झाले की त्याची धार कमी करतात. संहितेचा कर्ता जिवंत असून प्रकाशनानंतरही ती दुरुस्त करीत राहतो, ही अवस्था छापील साहित्याला अपरिचित आहे. असा बदल झाला, की ज्यांनी गणिताच्या आधारे यान घेतले होते ते दुसऱ्या दिवशी दुसऱ्या यानात दिसतात, आणि त्यांना दोष देण्याचे कारण नाही. काहीजण तेच यान ठेवतात. ते हट्टी असतील, आळशीही असतील. पण त्यांच्यापैकी काहींच्या बाबतीत ते यान त्यांनी खरोखरच निवडले होते हे तेव्हा प्रथम कळते.

‘एलीट डेंजरस’ मध्ये यान नष्ट झाल्यावर खेळाडूपुढे एक पडदा येतो. तेच यान, त्याच सर्व उपकरणांसह, मूळ किमतीच्या पाच टक्के भरून परत घेता येते. नाही तर आरंभीची ‘सायडविंडर’ फुकट मिळते. तेथे लढतीची घाई नसते आणि प्रतिस्पर्धी समोर नसतो. पडद्यावर फक्त रक्कम असते, आणि खाली दोन पर्याय.